केबलचं टोक पोरांच्या हातात द्या

एक्सटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या पोरांना एक प्रश्न विचारायची मला खोड आहे. आरजी-५८ केबलचा (मधे एक तार, भोवती जाळी, अशा कोअॅक्स केबलचा) तुकडा हातात द्यायचा, त्यावर ५० ओहम छापलेलं असतं, आणि विचारायचं की मल्टिमीटर लावून बघ बरं, कुठे आहेत ते ५० ओहम? पोरगं मल्टिमीटर लावतं, मधल्या तारेला एक प्रोब, बाहेरच्या जाळीला दुसरा, आणि स्क्रीनवर काहीच नाही, ओपन, म्हणजे दोन्ही कुठे जोडलेलेच नाहीत. मग केबल उलटी करून दुसऱ्या टोकाला लावून बघतं. तिथेही ओपन. मग माझ्या तोंडाकडे बघतं. याच पोराला ट्रान्समिशन लाइन या विषयातला रिफ्लेक्शन कोइफिशंटचा, म्हणजे टोकावरून लाटेचा किती भाग परत येतो त्याचा फॉर्म्युला झोपेत उठवून विचारला तरी येतो, झेडएल वजा झेडनॉट भागिले झेडएल अधिक झेडनॉट (झेडएल टोकाला लावलेल्याचे ओहम, झेडनॉट केबलचे), स्मिथ चार्ट नावाच्या गोल आलेखावर स्टब मॅचिंगचं गणितही सोडवून देतो, पण ५० ओहम गेले कुठे ते सांगता येत नाही.

ते कुठेही गेलेले नसतात, मल्टिमीटर उशिरा पोचतो इतकंच. केबलला व्होल्टेज लावलं की लाट आत शिरते, आणि ती पुढच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत, फक्त तेवढाच वेळ, केबल ५० ओहमसारखी वागते. आरजी-५८ मध्ये लाट प्रकाशाच्या साधारण ६६ टक्के वेगाने जाते, म्हणजे एका नॅनोसेकंदात २० सेंटिमीटर. मीटरभर तुकडा असेल तर जाऊन-येऊन १० नॅनोसेकंद. मल्टिमीटर बिचारा सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा बदलतो, तोपर्यंत लाटेच्या लाखो फेऱ्या मारून झालेल्या असतात आणि सगळं शांत होऊन 'टोक उघडं आहे' हे केबलने कबूलही केलेलं असतं.

मला वाटतं हा सगळा विषय या एका वाक्यात आहे की सुरुवातीला सोर्सला, म्हणजे लाट पाठवणाऱ्याला, टोकाला काय लावलंय ते माहीतच नसतं. विरारहून फास्ट लोकल सुटताना तिला चर्चगेटच्या बफरची काय फिकीर, ती सुटते ती समोरच्या रुळांकडे बघूनच, बफरचा हिशोब तिथे पोचल्यावर. सोर्सचंही तसंच, तो केबल बघून करंट सोडतो, लोड, म्हणजे टोकाला लावलेलं, बघून नाही. लोडची बातमी येते ती परतीच्या लाटेबरोबर. आपल्या डोक्यात मात्र अकरावी-बारावीपासून ओहमचा नियम असा बसलेला असतो की बॅटरी लावली की सगळ्या सर्किटला एका क्षणात सगळं कळतं. ते डोक्यातून काढायचं तर फळ्यावरच्या डिफरन्शियल इक्वेशनने निघत नाही, डोळ्यांनी उशीर बघावा लागतो.

गंमत म्हणजे ज्यांनी हा विषय शोधून काढला त्यांना उशीर बघायला काही खास करावं लागलंच नाही. १८७० साली ग्रेट ईस्टर्न नावाचं अवाढव्य जहाज आपल्या मुंबईतूनच निघालं आणि थेट एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारेची केबल टाकत गेलं. एवढ्या लांब केबलवर सिग्नल पसरतो, रेंगाळतो, ते तारमास्तरांच्या डोळ्यांना दिसायचंच. ऑलिव्हर हेविसाइड हा त्याच धंद्यातला, इंग्लंडात तार ऑपरेटर होता, त्याने तारेचं इंडक्टन्स (करंट बदलायला तारेचा होणारा विरोध) हिशोबात धरून ती टेलिग्राफर्स इक्वेशन्स मांडली जी आज आपल्याला तिसऱ्या वर्षाला छळतात, आणि १८८० मध्ये कोअॅक्सचं पेटंटही घेतलं. म्हणजे आधी त्रास, मग इक्वेशन. आपल्याकडे आधी इक्वेशन आणि त्रास परीक्षेत.

आता कॉलेजच्या लॅबमध्ये समुद्र कुठून आणणार. तिथे असतो ट्रेनर किट. सूटकेससारखी पेटी, वर छापील पॅनल, पॅनलवर दोन सुंदर समांतर रेघा, त्याला सॉकेट, पॅच कॉर्ड लावा, नॉब फिरवा, रीडिंग घ्या, ग्राफ काढा, सही घ्या. आत काय आहे ते पॅनलखाली बंद. मला या पेट्यांचा राग आहे, आणि तो महाग आहेत म्हणून नाही, तर केबलचं टोकच पोराच्या हातात येत नाही म्हणून. ओपन-शॉर्ट-लोड असा तीन जागांचा स्विच दिलेला असतो, तो फिरवला की आकडा बदलतो. पण स्विचने बदललेलं आणि स्वतःच्या हाताने तार शॉर्ट करून बदललेलं यात फरक आहे, दुसऱ्यात 'हे मी केलं' असं वाटतं आणि पोरं लगेच पुढचा उद्योग करून बघतात. पेटीत उद्योग करायला जागाच नाही.

त्यापेक्षा जुनं क्लायस्ट्रॉन बेंच मला आवडतं, खरंच. क्लायस्ट्रॉन म्हणजे मायक्रोवेव्ह लाटा तयार करणारी ट्यूब. पितळी वेव्हगाइड, म्हणजे लाट नेणारी पोकळ नळी, क्लायस्ट्रॉनवर लावलेला पंखा, आणि मधोमध स्लॉटेड लाइन, म्हणजे वेव्हगाइडला वरून चीर पाडलेली आणि त्यात एक बारीक प्रोब, गाडीवर बसवलेला, बाजूला मिलिमीटरची पट्टी. गाडी सरकवत जायची, मीटरची सुई वर जाते, खाली येते, परत वर जाते. १० गिगाहर्ट्झला एक्स बँड या मायक्रोवेव्ह पट्ट्याच्या गाइडमध्ये, सुई सगळ्यात खाली येते अशा दोन लागोपाठच्या जागांमधलं अंतर साधारण २ सेंटिमीटर येतं. स्टँडिंग वेव्ह हा शब्द पुस्तकात वाचणं वेगळं आणि दोन बोटांनी गाडी सरकवताना ती जागच्या जागी उभी सापडणं वेगळं. पण होतं काय, बेंच एक आणि भोवती सहा-सात पोरं, त्यातलं एक गाडी सरकवणार, एक लिहिणार, बाकीचे 'काय आलं रे' विचारून जर्नलमध्ये उतरवणार, आणि वायवाला तेच सगळं घोकून. यात यंत्राचा काही दोष नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा याच विषयात केटी घेऊन, म्हणजे नापास होऊन बसला होता. ताईने फोनवर सांगितलं, 'तू एवढी वर्षं केबल आणि अँटेनाच्या टेस्टिंगमध्ये काढलीस, बघ जरा त्याच्याकडे.' तो शनिवारी ठाण्याहून गिरगावात आला तोच तोंड पाडून. 'मावशी, वायर ती वायर ना गं, त्यात एवढं काय शिकायचं?' मी म्हटलं, पुस्तक बॅगेतच ठेव, आधी लॅमिंग्टन रोडला जाऊन येऊ. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगते, ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला या, रेझिस्टरपासून स्पेक्ट्रम अॅनालायझरपर्यंत काहीही विचारा, एका दुकानात नसेल तर शेठ नोकराला पाठवून शेजारच्या दुकानातून आणून देतो. आम्ही घेतलं ते फारच किरकोळ: ७४एसी१४ नावाचा एक आयसी, थोडे रेझिस्टर, केबल जोडायचे बीएनसी कनेक्टर, एक टी म्हणजे तीन तोंडांचा जोड, एक कार्बन प्रिसेट (स्क्रू फिरवून ओहम बदलता येणारा रेझिस्टर) आणि आरजी-५८ ची २० मीटरची गुंडाळी.

या आयसीत सहा श्मिट इन्व्हर्टर असतात, इनपुट खाली गेलं की आउटपुट वर करणारे आणि उलट. एकाला रेझिस्टर-कपॅसिटर लावून ऑसिलेटर करायचा, सेकंदाला लाखभर वेळा वर-खाली होणारा, आणि उरलेले पाच समांतर जोडून प्रत्येकाच्या पुढे २२० ओहम लावायचे, म्हणजे सगळे मिळून आउटपुट साधारण ५० ओहमच्या आसपास येतं. ५ व्होल्टवर चालतं, मोबाइलचा चार्जर पुरतो. आउटपुट टीला, टी स्कोपच्या, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार रेघेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या इनपुटवर, टीच्या तिसऱ्या तोंडाला केबल. झाला टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर), लाट पाठवून तिचा परतावा बघणारं यंत्र. केबल कंपन्या आणि टेलिकॉमवाले मोठमोठे टीडीआर वापरतात, जमिनीखालच्या पॉवर केबलचा फॉल्ट शोधताना रस्ता कुठे खणायचा तेही लाट पाठवून आणि तिचा परतीचा वेळ मोजूनच ठरवतात, आणि वर्सोव्याला समुद्रातून वर येणाऱ्या फायबर केबलसाठी हेच तत्त्व प्रकाशाने वापरतात. आमचा त्या सगळ्यांचा गरीब भाऊ.

स्कोपवर पायरी दिसली. खालून उठून २.५ व्होल्टला गेली, तिथे सपाट राहिली, आणि २०० नॅनोसेकंदांनी आणखी एक पायरी चढून ५ ला गेली. भाच्याला वाटलं सर्किट बिघडलंय. मी म्हटलं, बिघडलं नाही, तुझे हरवलेले ५० ओहम सापडले, ही मधली सपाटी आहे ना, तेच. आत ५० ओहम, बाहेर केबलचे ५० ओहम, म्हणून व्होल्टेज बरोबर निम्मं. मग परतीची लाट आली आणि सोर्सला कळलं की टोक उघडं आहे.

आता टोक त्याच्या हातात दिलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर आडवा धरून तार आणि जाळी शॉर्ट केली. दुसरी पायरी वर जायच्या ऐवजी धपकन शून्यावर आली, पण पहिली सपाटी तशीच, तेवढीच लांब. दोन-तीनदा शॉर्ट करून सोडून बघितलं, मग थांबला आणि म्हणाला, 'अगं म्हणजे पहिल्या भागाला काही फरकच पडत नाहीये, मी इकडे काहीही केलं तरी!' मी काहीच बोलले नाही, चहा ठेवायला गेले. परत आले तोवर त्याने टोकाला प्रिसेट लावला होता आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवत होता. रेझिस्टन्स जास्त, पायरी वर. कमी, पायरी खाली. मधे एक जागा अशी येते की दुसरी पायरी नाहीशीच होते, २.५ वर रेघ सरळ पुढे चालू राहते, जणू केबल संपलीच नाही. तिथे प्रिसेट काढून मल्टिमीटरला लावला तर ५० च्या जवळपास. ज्या मल्टिमीटरने केबलचे ५० ओहम दाखवायला नकार दिला होता त्यानेच.

त्यापुढे त्याला सुचवावं लागलं नाही. घरात टीव्हीच्या केबलचा एक तुकडा पडला होता, ७५ ओहमचा, तो मधे जोडला तर रेघेवर उंचवटा उमटला, ३ व्होल्टपर्यंत. फॉर्म्युल्याने किती येतं ते त्यानेच काढलं: ७५ वजा ५० भागिले १२५, ०.२, आणि २.५ चे २० टक्के म्हणजे अर्धा व्होल्ट. उंचवट्याच्या रुंदीवरून तुकड्याची लांबीही काढली आणि मग टेप लावून मोजली, जरा फरक आला, कारण टीव्हीच्या केबलमध्ये फोम असतो आणि लाट त्यात जास्त वेगाने जाते. अर्थात आमच्या स्कोपला मर्यादा आहे, १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा राइज टाइम, म्हणजे पायरी चढायला लागणारा वेळ, साडेतीन नॅनोसेकंद, म्हणजे ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी तो धड वेगळ्या दाखवत नाही. कनेक्टर नीट क्रिम्प झालाय, म्हणजे केबलवर दाबून बसलाय की नाही ते यात शोधायला जाऊ नका.

ज्यांच्याकडे स्कोपच नाही त्यांनी काय करायचं? लाटेलाच हळू करायचं. बेल लॅब्जमधल्या जॉन शाइव्हने एक वेव्ह मशीन केलं होतं, मधे एक लवचिक कणा आणि त्यावर आडव्या दांड्यांची रांग, एक दांडी हलवली की पीळ पुढे पुढे सरकत जातो, इतका सावकाश की बोटाने दाखवता येतो. घरी करायला चिकटपट्टीची लांब पट्टी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणायची, त्यावर थोड्या थोड्या अंतराने बांबूच्या काड्या चिकटवायच्या, काड्यांच्या टोकांना शाडूच्या मातीच्या गोळ्या (गणपतीच्या दिवसांत गिरगावात शाडूला तोटा नाही). वरून दुसरी पट्टी चिकटवून बंद करायचं. शेवटची काडी मोकळी सोडली तर लाट सरळ परत येते, घट्ट धरली तर उलटी होऊन येते. हेच ओपन आणि शॉर्ट. पण मजा पुढे आहे, शेवटच्या काडीला पुठ्ठ्याचं पातं लावायचं आणि ते पाण्याच्या बादलीत बुडवायचं. कमी बुडवलं तर लाट सरळ परत, जास्त बुडवलं तर उलटी परत, आणि मधे कुठेतरी नेमकं बुडवलं की लाट पाण्यात जिरते, परत येतच नाही. प्रिसेट फिरवणं आणि बादली वर-खाली करणं एकच. एक काळजी घ्या, अर्ध्या मशीनला लांब काड्या लावल्या तर तिथून परतणारी लाट उलटी येते, म्हणजे जड काड्या इथे कमी ओहमसारख्या वागतात, जास्त नाही. हुशार पोरं इथेच अडवतात, तयारीत राहा.

या दोन्हींच्या मधलं एक साधन आहे ज्याला कोणी विचारत नाही, आणि माझं तेच लाडकं. जनरल पर्पज बोर्डवर २.२ मायक्रोहेन्रीचं कॉइल, १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, परत कॉइल, परत कपॅसिटर, अशी वीस घरांची शिडी. एलला (कॉइलच्या आकड्याला) सीने (कपॅसिटरच्या आकड्याने) भागून वर्गमूळ काढा, ४७ ओहम. एक घर ओलांडायला लाटेला ४७ नॅनोसेकंद. म्हणजे एकेक घर म्हणजे साडेनऊ मीटर केबल, आणि अख्खी शिडी दोनशे मीटरच्या जवळ जाते. ट्रेनर किटच्या पेटीतही बऱ्याचदा हेच असतं हो, फक्त झाकलेलं. उघड्या शिडीचा फायदा हा की कुठल्याही घरावर प्रोब टेकवता येतो, लाट पाचव्या घरात कधी आली, बाराव्यात कधी आली, परत येताना बाराव्यात आधी दिसते ना, ते सगळं. खऱ्या केबलमध्ये मधे कुठे प्रोब टोचणार? आणि उशीर एवढा मोठा असतो की कॉलेजच्या कपाटातला २० मेगाहर्ट्झचा जुना स्कोपही चालतो. शिवाय एकेक घर सोल्डर करताना एलसी म्हणजे काय ते हाताला कळतं, चटके बसतात ते बोनस.

मग नॅनोव्हीएनए का नाही, असं हल्ली सगळे विचारतात. तळहातावर मावणारं, फोनच्या किमतीच्या कितीतरी खाली मिळणारं, ५० किलोहर्ट्झपासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत परतीची आणि पलीकडे पोचणारी लाट मोजणारं व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, आमच्या उमेदवारीच्या काळात याला हात लावायलाही साहेबांची परवानगी लागायची. जरूर घ्या. पण पहिल्या दिवशी नको. तो सगळं फ्रिक्वेन्सीवर दाखवतो आणि स्मिथ चार्टवर गोल काढून मोकळा होतो, ज्याने पायरी परतताना बघितली नाही त्याला तो गोल म्हणजे रांगोळी. पायरी बघून झाली की मात्र हाच गोल बोलायला लागतो. केबलचं टोक उघडं ठेवून फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की ठिपका उजवीकडच्या ओपनपासून निघून फिरत फिरत डावीकडे शॉर्टवर पोचतो, तिथे केबल पाव तरंगलांबीची झालेली असते, आणि पुरा गोल झाला की अर्धी. फिलिप स्मिथने हा चार्ट १९३९ च्या जानेवारीत छापला तेव्हा कागद आणि पट्टी होती, मी अजूनही प्रिंटवर टाचणी आणि पारदर्शक प्लास्टिकची चकती लावून फिरवायला देते, मग स्क्रीन.

नॅनोव्हीएनएवर करून बघायचा खरा प्रयोग म्हणजे स्टब, म्हणजे मुख्य केबलला बाजूने जोडलेला तुकडा. आरजी-५८ चा साधारण ५० सेंटिमीटरचा तुकडा, टोक उघडं, टीने नॅनोव्हीएनएच्या दोन तोंडांच्या मधे लावायचा. ९८.३ मेगाहर्ट्झला, म्हणजे मुंबईत जिथे रेडिओ मिर्ची लागतं तिथेच, स्क्रीनवर पलीकडे पोचणाऱ्या सिग्नलच्या रेघेत खोल खड्डा पडतो. उघडं टोक, आणि तरी तिथे शॉर्ट! आता कटरने एक सेंटिमीटर कापा. खड्डा दोनेक मेगाहर्ट्झ वर सरकला. आणखी एक कापा. केबल कापायला मिळाली की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हेच रेडिओ लावून करायला गेलात तर मात्र फसाल, कारण मुंबईत सिग्नल एवढा जोरदार की घरातल्या साध्या सेटला तो अँटेनाशिवाय अंगातूनच मिळतो, स्टब लावा नाहीतर बटाटा लावा. गाडीतला रेडिओ, ज्याला अँटेनाचं वेगळं सॉकेट असतं, त्यावर फरक ऐकू येतो.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असेल तर गॅलरीत लेखर वायर्सही करता येतात, दोन समांतर उघड्या तांब्याच्या तारा आणि त्यावर सरकवायचा बारीक बल्ब. १४५ मेगाहर्ट्झला दर मीटरभराने बल्ब पेटतो. हर्ट्झच्या काळातलं तंत्र आहे, बाकी कपडे वाळत घालायच्या तारेशी भांडण होतं एवढंच.

माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते, तिचं म्हणणं, 'तुझा भाचा एकटा होता गं, माझ्याकडे साठ पोरं आणि चार स्कोप.' बरोबर आहे तिचं. म्हणून आम्ही मिळून डब्यांचा खेळ काढला. स्कोप चारच, पण काळ्या प्लास्टिकच्या छोट्या डब्या वाटेल तेवढ्या, प्रत्येकीला एक बीएनसी आणि आत काहीतरी लपवलेलं. एकीत ५० ओहम, एकीत १००, एकीत कपॅसिटर, जो आधी शॉर्ट वाटतो आणि हळूहळू ओपन होतो, एकीत कॉइल, ती बरोबर उलटी, एकीत आणखी चार मीटर केबल गुंडाळून भरलेली. प्रत्येक गटाने डब्या बनवायच्या, दुसऱ्या गटाच्या ओळखायच्या, आणि ओळखल्यावर कारण सांगायचं. ज्यांना स्कोप मिळालेला नसतो ते डबी बनवत असतात, म्हणजे आत काय टाकलं तर समोरच्याला फसवता येईल याचा विचार, आणि तो विचार करायला विषय कळावाच लागतो. जर्नलमध्ये याचा कॉलम नाही, त्यामुळे तिला तो प्रॅक्टिकलच्या शेवटच्या अर्ध्या तासात बसवावा लागतो.

कोणी करणार असेल तर एकच सूचना, प्रिसेट घेताना वायरवाउंड घेऊ नका, शेठ 'वही चलेगा' म्हणाला तरी. आत तारेचे वेढे असतात, ते कॉइलसारखे वागतात आणि ५० ओहमवर आणला तरी पायरीच्या जागी एक टोकदार शिंग राहतंच. कार्बनचा मागा. आणि शेठने दिलाच वायरवाउंड तर परत करू नका, तो डबीत घाला.